अलाऊ म्हणजे नेमकं काय? रोज दाबतो त्या बटणामागचा शब्द



मागच्या दिवाळीत आईला नवा फोन घेऊन दिला. ती गावी, मी पुण्यात. व्हिडिओ कॉलवर सगळं सेटअप चाललं होतं आणि मला ऑफिसची मीटिंग होती. घाईत मी तिला सांगून टाकलं, "मध्येच काही विचारलं ना, की अलाऊ दाबायचं. म्हणजे पुढे जातं."

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. दिवसभर टिंग टिंग वाजतंय, "तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला", "तुम्ही बक्षीस जिंकलात", असलं काहीबाही येतंय. गावी गेल्यावर पाहिलं तर ती भजनांचे शब्द शोधत कुठल्या तरी वेबसाइटवर गेली होती. तिथे लिहिलं होतं, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा. तिने दाबलं. मी चिडलो, तर म्हणाली, "अरे, तूच सांगितलंस ना? आणि मला वाटलं फोनच सांगतोय, दाब म्हणून." मग जरा थांबून, "पण अलाऊ म्हणजे काय रे?"

मी म्हटलं, परवानगी देणं.

"मग मी कोणाला दिली? आणि कशाची?"

खरं सांगतो, त्या दोन प्रश्नांनी माझी बोलतीच बंद झाली. आपण सगळे दिवसातून कितीतरी वेळा हा शब्द दाबतो. हो, दाबतो, वाचत नाही. म्हणून आज जरा या एका क्रियापदाकडे नीट बघू. शब्द कुठून आला, त्याचा अर्थ काय आणि फोनमध्ये तो दाबल्यावर आत नेमकं काय होतं.

आधी अर्थ

अलाऊ म्हणजे एखाद्याला काहीतरी करू देणं. मराठीत आपण हा शब्द कधीच आपलासा केलाय. "हॉस्टेलवर मुलींना नऊनंतर अलाऊड नाही", "परीक्षेत कॅल्क्युलेटर अलाऊड आहे का?" असं आपण सर्रास बोलतो. (उच्चार करताना जोर दुसऱ्या अक्षरावर, 'लाऊ'वर. आणि 'अलाऊड' हा 'मोठ्याने' या अर्थाच्या दुसऱ्या इंग्रजी शब्दासारखाच ऐकू येतो, म्हणून लिहिताना पुष्कळांची स्पेलिंग चुकते.)

इंग्रजीत त्याचे दोन भाऊबंद आहेत, लेट आणि परमिट. लेट हा घरगुती, मित्रांमधला. परमिट हा सरकारी, शिक्क्याचा. रिक्षाचं परमिट असतं, रिक्षाचं अलाऊ नसतं! अलाऊ या दोघांच्या मधला, घरातही चालतो आणि पाटीवरही. व्याकरणात एक फरक लक्षात ठेवा. लेटनंतर थेट क्रियापद येतं: लेट मी गो. अलाऊनंतर मात्र 'टू' लागतो: अलाऊ मी टू गो. 'अलाऊ मी गो' हे चूक. इंटरव्ह्यूमध्ये ही चूक फार ऐकू येते.

आता खरी गंमत. अलाऊ हे क्रियापद एकटं उभं राहू शकत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. परवानगी देणारा कोण, घेणारा कोण आणि कशाची. "आईने मला सहलीला जाऊ दिलं" यात तिन्ही आहेत. बटणावर मात्र फक्त क्रियापद उरलेलं असतं, बाकी तिन्ही गायब. घेणारा आणि कशाची हे वरच्या बारीक ओळीत असतं, जी आपण वाचत नाही. आणि देणारा? तो कुठेच लिहिलेला नसतो, कारण तो म्हणजे तुम्ही.

इंग्रजीत आज्ञार्थी रूप आणि मूळ धातू सारखाच दिसतो. त्यामुळे 'अलाऊ' हे "मी परवानगी देतो" असंही वाचता येतं आणि "परवानगी दे!" असंही. फोन मराठीत ठेवलात तर अँड्रॉइडवर "अनुमती द्या" असं येतं. म्हणजे भाषांतर करताना आज्ञाच झाली. आईला वाटलं फोनच सांगतोय, यात तिची काही चूक नव्हती. बटणावर तेच तर लिहिलंय.

स्तुतीपासून परवानगीपर्यंत

शब्दाचा उगम बघितला तर तो चक्क दोन वेगळ्या शब्दांच्या टक्करीतून झालाय.

लॅटिनमध्ये 'लाउदारे' म्हणजे स्तुती करणं. त्याला 'आद' हा उपसर्ग लागून झालं 'अल्लाउदारे'. दुसरीकडे 'लोकुस' म्हणजे जागा, त्यावरून 'लोकारे' म्हणजे जागेवर ठेवणं आणि उपसर्ग लागून 'अल्लोकारे', म्हणजे नेमून देणं, एखाद्याच्या वाट्याला लावणं. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण लॅटिन झिजत झिजत जुनी फ्रेंच झाली तेव्हा दोन्ही शब्द झिजून एकाच उच्चारावर येऊन आदळले, 'अलुए'. नंतर कोणता अर्थ कोणाचा हे लोकही विसरले आणि दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले.

फ्रेंचमध्ये ही गडबड अजून जिवंत आहे. आजच्या फ्रेंचमध्ये 'लुए' या एकाच शब्दाचा अर्थ स्तुती करणं असाही होतो आणि भाड्याने देणं असाही. पॅरिसमध्ये घरावर "अ लुए" अशी पाटी दिसली तर घराची स्तुती करायची नाहीये, घर भाड्याने द्यायचंय.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोनेकशे वर्षं तिथल्या दरबाराची, कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच होती. त्या वाटेने शेकडो शब्द इंग्रजीत आले, त्यातलाच हा एक. इंग्रजीत आला तेव्हा तो दोन्ही अर्थ घेऊन आला. 'अलाऊ' म्हणजे वाखाणणं, पसंत करणं आणि 'अलाऊ' म्हणजे वाट्याला देणं, मंजूर करणं. यातला वाखाणण्याचा अर्थ पुढे मेला. पसंत करण्याचा बराच काळ टिकला, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही अलाऊ हा शब्द 'पसंत असणं, पटणं' या अर्थाने आलाय. "मला हे पटलंय" यावरून "मग होऊ दे" आणि तिथून नुसतं "होऊ दे", असा तो उतरत आला.

थोडक्यात, शब्द जन्मला तेव्हा परवानगी द्यायच्या आधी ती गोष्ट आवडावी लागत होती. आज आपण न बघताच देतो.

वाट्याला देण्याचा जो दुसरा अर्थ, तो मात्र तुमच्या घरातल्या पगारपत्रकावर बसलाय. अलाउन्स! महागाई भत्ता, प्रवास भत्ता, घरभाडे भत्ता, हे सगळे अलाउन्सच. म्हणजे कोणीतरी नेमून दिलेली रक्कम. हिशेब तपासनीस एखादा खर्च 'अलाऊ' करतो किंवा 'डिसअलाऊ' करतो, तेही त्याच घरचं. आणि हायकोर्टाच्या निकालात शेवटी "अपील अलाऊड" असं लिहितात तेव्हा कोर्ट "अपील करायला हरकत नाही" असं म्हणत नसतं. अपील मान्य झालं, जिंकलात, असा त्याचा अर्थ.

आणखी एक मजा. 'लोकेशन' हा शब्दही त्याच 'लोकुस'वरून आलाय, आणि मुंबईची लोकलसुद्धा. म्हणजे स्क्रीनवर "लोकेशन अलाऊ करा" असं येतं तेव्हा दोन दूरचे चुलतभाऊ शेजारी शेजारी उभे असतात.

आपल्याकडचे शब्द काही कमी नाहीत

परवानगी हा शब्द फारसीतून आला, 'परवाना' म्हणजे लेखी हुकूम, सनद. म्हणजे तिचा मूळ स्वभाव कागदाचा आहे. मुभा अरबी 'मुबाह'वरून, म्हणजे ज्याला मनाई नाही ते. रजा म्हणजे मुळात संमती, राजीखुशी. साहेबाने संमती दिली की घरी जायचं, म्हणून ती सुट्टी झाली. अनुमती संस्कृत, तिच्यात 'मन्' म्हणजे विचार करणं हा धातू आहे.

मला सगळ्यात आवडतो तो मंजूर. अरबीत 'मन्झूर' म्हणजे पाहिलेलं, ज्यावर नजर टाकली गेली ते. आपली 'नजर' त्याच मुळातली. एखाद्या अर्जावर साहेबाची नजर पडली, म्हणजे तो मंजूर झाला. न बघता मंजूर करणं हे खरं तर शब्दातच बसत नाही!

आणि ॲप बनवणारे कोडमध्ये कोणता शब्द वापरतात माहीत आहे? स्क्रीनवर अलाऊ असतं, पण अँड्रॉइडच्या कोडमध्ये उत्तर येतं ते 'ग्रँटेड' किंवा 'डिनाइड'. ग्रँट हा शब्द लॅटिन 'क्रेदेरे'वरून आला, म्हणजे विश्वास ठेवणं. 'क्रेडिट' त्याच मुळाचं, आणि भाषातज्ज्ञ आपल्या 'श्रद्धा'लाही त्याच कुळात बसवतात. तुम्ही बटण दाबता, आत नोंद होते, याने विश्वास ठेवला.

बटण दाबल्यावर आत काय होतं?

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची वेगळी खोली दिलेली असते, दार बंद. एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही आणि तुमचे काँटॅक्ट, कॅमेरा, माइक, लोकेशन यांच्याकडेही थेट जाता येत नाही. मध्ये सिस्टीम बसलेली असते, सोसायटीच्या वॉचमनसारखी. ॲप तिच्याकडे मागतं, सिस्टीम तुम्हाला विचारते. म्हणजे ती छोटी चौकट ॲप काढत नाही, सिस्टीम काढते. ॲपला फक्त हो किंवा नाही कळतं.

पण वॉचमन सगळ्याच गोष्टींसाठी वर फोन लावत नाही. इंटरनेट वापरायची परवानगी ॲपला इन्स्टॉल होतानाच आपोआप मिळते, तुम्हाला विचारतही नाहीत. हे महत्त्वाचं आहे. कारण तुम्ही काँटॅक्टला अलाऊ केलं, तर ते वाचून बाहेर पाठवायचा रस्ता त्या ॲपकडे आधीपासूनच उघडा असतो.

पूर्वी तर आणखी वाईट होतं. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ येईपर्यंत सगळ्या परवानग्यांची यादी इन्स्टॉल करतानाच एकदम दिसायची. सगळं मान्य असेल तर घ्या, नाहीतर ॲपच घेऊ नका. त्या काळातलं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं टॉर्चचं ॲप. नुसता उजेड पाडायचं काम, पण ते फोनचं लोकेशन आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये कारवाई केली तेव्हा कळलं की मान्य करा किंवा नाकारा हे दाबायच्या आधीच माहिती जायला सुरुवात व्हायची. म्हणजे बटण नुसतं शोभेचं.

अँड्रॉइड ६ पासून ॲपला जेव्हा गरज पडेल तेव्हा विचारावं लागतं. मग २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये लोकेशनसाठी "ॲप वापरत असतानाच" हा पर्याय आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइड ११ मध्ये लोकेशन, कॅमेरा, माइकसाठी "फक्त या वेळी". अँड्रॉइड १२ मध्ये नेमक्या ठिकाणाऐवजी अंदाजे लोकेशन देता यायला लागलं, आणि कॅमेरा किंवा माइक चालू असला की कोपऱ्यात हिरवी खूण दिसायला लागली. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन पाठवायलाही विचारावं लागतं. अँड्रॉइड १४ मध्ये सगळे फोटो न देता निवडक फोटो देता येतात.

बघा, हो आणि नाही यांच्यामध्ये किती जागा तयार झाली. "ये, पण ओट्यावर बस", "ये, पण आजच्यापुरता", "ये, पण आतल्या खोलीत नको". आपण पाहुण्यांशी वागतो तसंच. फार पूर्वी यायला हवं होतं हे.

आयफोनवर चौकटीत ॲपला कारण लिहावं लागतं, हे कशासाठी हवंय ते. ती ओळ वाचत जा. कारण गुळमुळीत असेल, "तुमचा अनुभव सुधारण्यासाठी" वगैरे, तर मी सरळ नाही दाबतो. आणि एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ सोबत आलेलं ट्रॅकिंगचं बटण पाहिलंय? तिथे नकाराच्या बटणावर "परवानगी नाही" असं नाहीये, "ॲपला ट्रॅक न करण्याची विनंती करा" असं आहे. विनंती! ॲपलने शब्द जपून वापरलाय. जाहिरातीसाठीचा ओळखक्रमांक फोन खरोखर अडवतो, पण इतर आडमार्गांनी ट्रॅक करू नये हा नियम आहे, भिंत नाही.

काँटॅक्ट तुमचे, पण नंबर कोणाचे?

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती.

माझ्या एका मित्राने कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका ॲपवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं होतं. फी भरायची होती, घरी सांगायचं नव्हतं. ॲपने काँटॅक्ट मागितले, फोटो मागितले, याने अलाऊ, अलाऊ. हप्ता चार दिवस चुकला आणि त्याच्या काँटॅक्टमधल्या लोकांना मेसेज जायला लागले, हा चोर आहे, पैसे बुडवून पळालाय. आमच्या प्रोफेसरांना गेला. त्याच्या बहिणीच्या सासऱ्यांना गेला. तो आठवडाभर खोलीबाहेर आला नाही. पैसे आम्ही मित्रांनी मिळून भरले, पण तरी मेसेज थांबायला वेळ लागला. त्याने लगेच परवानगी काढून घेतली होती, ॲप उडवलं होतं. उपयोग शून्य, कारण यादी कधीच कॉपी होऊन गेली होती. परवानगी मागे घेतली की नळ बंद होतो, वाहून गेलेलं पाणी परत येत नाही.

आणि त्या यादीत माझाही नंबर होता. मी तर कुठेच अलाऊ दाबलं नव्हतं. इथे आईचा प्रश्न पुन्हा आठवतो, कोणाला दिली आणि कशाची? त्याने माझी परवानगी परस्पर देऊन टाकली होती.

असे प्रकार देशभर इतके झाले की रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी नियम काढले. डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल्स, फोटो, काँटॅक्ट लिस्ट, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन लागलं तर केवायसीसाठी एकदाच, तेही स्पष्ट संमती घेऊन. ३१ मे २०२३ पासून गूगल प्लेनेही पर्सनल लोनच्या ॲपना काँटॅक्ट आणि फोटो मागायला बंदी घातली. त्यामुळे आज एखादं कर्जाचं ॲप काँटॅक्ट मागत असेल, तर ते नियमात बसत नाही हे तिथेच ओळखा. लिंकवरून आलेलं एपीके असेल तर प्रश्नच मिटला. लग्नपत्रिका, गाडीचं चलन अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइल्सही असंच काम करतात. उघडल्या की एसएमएस वाचायची परवानगी मागतात, आणि ओटीपी येतो एसएमएसवरच.

कायदाही आलाय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात शब्द अलाऊ नाही, कन्सेंट आहे, म्हणजे संमती. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सोबत जाणवणं', आणि आपल्या संमतीतही 'सम्' म्हणजे सोबत आहेच. कायदा म्हणतो, संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली हवी. द्यायला जितकी सोपी, तितकीच मागे घ्यायलाही सोपी हवी. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागेल. कायद्यातच एक उदाहरण दिलंय, टेलिमेडिसिनच्या ॲपने काँटॅक्ट लिस्ट मागितली आणि माणसाने हो म्हटलं, तरी उपचाराला काँटॅक्टची गरज नाही, त्यामुळे ती संमती तेवढ्या भागापुरती धरलीच जाणार नाही. मला हे फार आवडलं. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय.

तोवर काम आपल्यालाच करायचंय. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत 'परमिशन मॅनेजर' शोधा (फोनच्या कंपनीनुसार जागा थोडी बदलते). तिथे काँटॅक्टवर टॅप केलं की कोणाकोणाला दिलेत ते दिसतं. मी पाहिलं तेव्हा त्यात एक फोटोला फ्रेम लावायचं ॲप होतं, गणपतीत एकदा वापरलेलं. क्रोमच्या नको त्या नोटिफिकेशनसाठी सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी साइट दिसेल ती ब्लॉक करा. आईच्या फोनमध्ये सात निघाल्या.

परवा तिचा फोन आला. हवामानाचं ॲप घेतलं होतं आणि ते लोकेशन मागत होतं.

"मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "मग त्यात गावाचं नाव टाकलं, तर आलं की सगळं. उद्या पाऊस सांगतोय. वाळवण आत घेऊ का?"